नोव्हेंबरमध्ये रत्नागिरीहून जर्मनीला: नव्या घरातला पहिला महिना आणि इथलं बंद घर

सड्यावरची

नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला नोकरी लागली आहे. आम्ही दोघं आणि चार वर्षांची लेक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीहून निघतोय. भाड्याचं घर ठरलंय. तिसरा मजला, १९७०च्या आसपासची इमारत, गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालणारं हीटिंग. फोटोत स्वयंपाकघराच्या जागी नुसती खोली आहे. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून फक्त नळाची तोंडं बाहेर आलेली दिसतात. छताला दिवेही नाहीत, तारा लोंबतायत. घरमालकांनी करारात हवा खेळती ठेवण्याबद्दल आणि बुरशीबद्दल अख्खं पान लिहिलंय. बुरशी आपल्याला काही नवीन नाही, पण तिकडे तर पावसाळा नाही, मग एवढं का, ते कळलं नाही.

पोचल्यावर कोणतं काम आधी करायचं आणि कशावाचून काय अडतं? स्वयंपाकाचं इथून काय न्यावं, काय नेलं तरी उपयोगाचं नाही? आणि तिसरं, सासऱ्यांचं भाट्ये पुलापलीकडचं कौलारू घर आता बंद राहणार. सासूसासरे पुण्याला दिरांकडे असतील. ते घर पुढच्या पावसाळ्यात टिकावं म्हणून निघण्यापूर्वी काय करून ठेवावं? अनुभवी लोकांनी तपशिलात सांगितलं तर फार बरं होईल.

---

वेंगुर्ला_ते_वुर्टेम्बर्ग

ताई, आधी कागदांचं सांगतो, कारण तिथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अडतो.

पहिली पायरी लेटरबॉक्स. किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि खालच्या बेलवर तिघांचं आडनाव लावा. नवराबायकोची आडनावं पासपोर्टवर वेगळी असतील तर दोन्ही. बँकेचं कार्ड, पिन, कर क्रमांक, विमा कार्ड हे सगळं टपालाने येतं. पोस्टमन घर क्रमांक बघून टाकत नाही, नाव बघून टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं आणि पाठवणाऱ्याकडे तुमचा पत्ता चुकीचा म्हणून नोंद होते. पक्की पाटी मिळेपर्यंत कागदावर लिहून चिकटपट्टीने लावलं तरी चालतं.

दुसरी पायरी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. मुदत पाळायची तर भारतातूनच ब्युर्गरआम्टची, म्हणजे पालिकेच्या नागरिक कार्यालयाची, ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, विवाह आणि जन्म दाखल्यांच्या मूळ प्रती व त्यांची अधिकृत जर्मन भाषांतरं, आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग हे पत्रक लागतं. हमखास अडतं ते इथे. लोक भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवले जातात, कारण नुसता करार चालत नाही, ते एकपानी पत्रकच लागतं. ते देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा किल्ली घेतानाच मागून घ्या. अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा कर लागू होतो, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के. आमच्या वेंगुर्ला-मालवणकडच्या ख्रिस्ती मंडळींना हे पहिल्या पगारपत्रकावरच कळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नोंदणी झाली की तिघांचे कर क्रमांक काही आठवड्यांत आपोआप टपालाने येतात, मुलीचासुद्धा. कंपनीला हा क्रमांक मिळाला नाही तर पुढे सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत हातात पैसा लागतो तेव्हाच नेमका कमी येतो. विवाहित जोडप्याला मुळात दोघांनाही चौथा वर्ग मिळतो. एकटाच कमावणार असेल तर कमावणाऱ्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा असा बदल करून घ्यावा, महिन्याची कपात बरीच उतरते. तो अर्ज वेगळा करावा लागतो.

मुलीचा भत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, फामिलिएनकासे या भत्त्याच्या सरकारी कार्यालयाकडे मागायचा. २०२५मध्ये तो मुलामागे महिन्याला २५५ युरो होता. अर्ज उशिरा केला तर मागचे जास्तीत जास्त सहा महिनेच मिळतात, त्यामुळे कर क्रमांक आला की लगेच लिहा. आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा असेल तर न कमावणारा जोडीदार आणि मूल नवऱ्याच्या विम्यात फुकट बसतात. मात्र त्याचा फॉर्म भरावा लागतो, आपसूक होत नाही.

व्हिसाची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पोचलेला हवा. वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून नोंदणीच्या आठवड्यातच अर्ज टाका आणि अर्ज केल्याचा पुरावा जपा.

मुलीच्या लसीकरणाचं कार्ड हातातल्या सामानात ठेवा. बालवाडीत प्रवेशासाठी मार्च २०२०पासून गोवर प्रतिबंधाचा कायदा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाचे गोवराचे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडची एमआर (गोवर-रुबेला) लस त्यात धरली जाते, पण मराठीत छापलेल्या कार्डावरून तिथल्या डॉक्टरला काही उमजत नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून लसींची नावं आणि तारखा इंग्रजीत लिहून, सहीशिक्का घेऊन जा.

आता प्रत्यक्ष घर ताब्यात घेताना. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, मूळ म्हणजे हीटिंग-पाणी सोडून. ती तीन समान हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. ताब्याच्या वेळी घरमालकाबरोबर खोलीखोलीतून फिरून लेखी नोंद करतात. वीज मीटरचा क्रमांक आणि आकडा, पाण्याचा आकडा, प्रत्येक रेडिएटरवरच्या छोट्या मापकाचा आकडा, किल्ल्या किती, फरशीवरचे चरे, खिडकीच्या कडेची काळी ठिपकी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. जे लिहिलं गेलं नाही ते जाताना तुमच्या अनामतीतून दुरुस्त होतं. संकोच करू नका, तिथे कुणाला त्यात अपमान वाटत नाही.

विजेचा करार तुम्हीच करायचा असतो. केला नाही तरी अंधार होत नाही, त्या भागातली मूळ पुरवठादार कंपनी आपोआप लागू होते. तिचा दर सहसा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या सूचनेवर सोडता येतो. मागच्या तारखेने नोंद होईल या भरवशावर राहू नका, राहायला जाण्याआधीच कंपनी निवडा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी भरायचं असतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो, माणशी नव्हे. फसवणूक समजून फाडून टाकू नका. आणि हाफ्टफ्लिश्ट नावाचा नुकसानभरपाईचा विमा पहिल्याच आठवड्यात घ्या, त्यात भाड्याच्या घराची किल्ली हरवण्याचा समावेश आहे ना बघा. पुष्कळ इमारतींत एकाच किल्लीने खालचं दार, तळघर आणि घर उघडतं. ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. घराच्या दाराला बाहेरून मूठ फिरत नाही, दार ओढलं गेलं की बंद. आपल्याकडे उंबऱ्यापर्यंत जायचं तर दार उघडंच असतं, ती सवय आतल्या खिशात किल्ली ठेवून बदलावी लागते.

---

खाडीपलीकडे

मी फक्त हवेचं आणि हीटिंगचं लिहितो, कारण घरमालकाशी भांडण होतं ते यावरूनच.

आपल्याकडे बुरशी बाहेरून येते. जुलैत बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, म्हणून झडीच्या बाजूच्या खिडक्या आपण बंद ठेवतो. तिथे हिवाळ्यात बरोबर उलट असतं. २० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची ५ ग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे बाहेर धुकं असलं, पाऊस पडत असला, तरी ती थंड हवा आत येऊन तापली की कोरडी ठरते. ओल आहे ती घरातली. तिघांचा श्वास, भात, अंघोळ, वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत जातं. धुण्याच्या एका पाच किलोच्या खेपेत पिळून झाल्यावरही दोन-अडीच लिटर उरतं. हे बाष्प बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला आणि कपाटामागे जाऊन बसतं. खोली २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असताना भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांखाली गेला की तिथे बुरशीला पुरेशी ओल मिळते. भिंतीवर थेंब दिसायचीही गरज नाही. १९७०ची इमारत म्हणजे भिंतींना उष्णतारोधक थर कमी, आणि खिडक्या नंतर बदलून घट्ट केलेल्या असण्याची शक्यता मोठी. बुरशीला ही जोडी फार सोयीची.

उपाय सोपा आहे, पण रोजचा आहे. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडायच्या, शक्यतो समोरासमोरच्या, आणि थंडीत पाच मिनिटांत बंद करायच्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, बाहेर दहा अंश असेल तेव्हा, दहा मिनिटं द्या. एवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही. अंघोळ झाल्यावर आणि स्वयंपाकानंतर लगेच एकदा. उघडण्याआधी रेडिएटरच्या झडपेवरची आकड्यांची चकती फिरवून कमी करा, नाहीतर थंड झोत लागून झडप पूर्ण उघडते आणि सगळी उष्णता बाहेर जाते.

खिडकीची मूठ खाली असेल तर बंद, आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की वरून तिरपी कलते. ती कललेली अवस्था दिवसभर ठेवणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक. हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीच्या वरची भिंत गार पडते आणि महिन्याभरात तिथेच काळं येतं. आणखी एक, पहिल्या आठवड्यात घाबरवणारा प्रकार: खिडकी उघडी असतानाच मूठ वर फिरवली तर तावदान एका बिजागरीवर लटकल्यासारखं होतं. ते पडत नाही. वरचा बिजागरीकडचा कोपरा हाताने चौकटीत घट्ट दाबून धरा. मूठ अडली असेल तर तावदानाच्या कडेला मुठीजवळ एक छोटी पट्टी असते, ती दाबा, मूठ आडवी करा, खिडकी पूर्ण लोटा, मग मूठ खाली. मुलीला मुठीला हात लावू देऊ नका, तिसरा मजला आहे. लहान मुलांसाठी मुठीची कुलपं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

रेडिएटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. २ म्हणजे साधारण १६ अंश, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४. खोली लवकर तापावी म्हणून ५ वर ठेवलं तर ती लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापतच राहते. चांदणीचं चिन्ह गोठण्यापासून बचावापुरतं. बसायच्या खोलीत ३, झोपायच्या खोलीत २ आणि ३च्या मध्ये. झोपायच्या खोलीचं हीटिंग बंद ठेवून बसायच्या खोलीतली ऊब तिकडे सोडायची काटकसर करू नका. ती ऊबदार दमट हवा गार भिंतीला लागते आणि पलंगामागे बुरशी धरते. मधलं दार बंद, दोन्हीकडे आपापलं हीटिंग.

कपाट, पलंग बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे ठेवा. दहा-पंधरा युरोचे दोन आर्द्रतामापक घ्या, एक झोपायच्या खोलीत. ४० ते ६० टक्के ठीक, हिवाळ्यात सतत ६० च्या वर राहिलं तर खिडकी उघडायची पाळी वाढवा. कपडे शक्य तर तळघरातल्या वाळवणाच्या खोलीत घाला.

एवढं करून ठिपके दिसलेच तर फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला लेखी कळवा. कारण भिंतीत असू शकतं, आणि न कळवल्यास दोष तुमच्यावर येतो. तळहाताएवढा डाग ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतो, खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नाही अशा वेळी. व्हिनेगर लावू नका. गिलाव्यातला चुना त्याची आम्लता मारतो आणि उरलेलं बुरशीलाच खाद्य होतं.

हीटिंगचा हिशोब वर्षाने येतो, वर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत पाठवायची घरमालकाला मुभा असते. म्हणजे या हिवाळ्यातल्या उधळपट्टीचं बिल कदाचित पुढच्याच्या पुढच्या वर्षी हातात पडेल. दर महिन्याच्या एक तारखेला मापकांचे आकडे लिहून ठेवा.

---

सांदणवाली

स्वयंपाकघराचं मी सांगते.

जाहिरातीत बसवलेल्या ओट्याचा उल्लेख नसला की सिंकसुद्धा नसतं, हे तिथे सर्रास आहे. आधीचा भाडेकरू आपला ओटा विकून जातो का, हे घरमालकाला आत्ताच विचारा. घ्यायची सक्ती नाही, आणि किंमत जुन्या वस्तूला शोभेल अशीच द्या. नवीन बनवून घ्यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर काम भागवायचं तर सिंकसह तयार कपाट, एक ६० सेंटीमीटर रुंदीचा फ्रीज आणि साध्या सॉकेटवर चालणारी दोन चुलींची इंडक्शन शेगडी पुरते. त्या शेगडीबरोबर त्याच सर्किटवर किटली लावलीत तर फ्यूज पडेल. चार चुलींची मोठी शेगडी ४०० व्होल्टच्या तीन फेजच्या जोडणीवर असते. ती इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या, पावती ठेवा. स्वतः जोडल्यामुळे काही झालं तर विमा हात वर करू शकतो.

सिंकचा नळ विकत घेण्याआधी भिंतीतली तोंडं मोजा. गरम आणि गार अशी दोन असतील तर नेहमीचा, दोन नळ्यांचा नळ. गार एकच असेल आणि सिंकखाली पाच लिटरचा छोटा गीझर बसवायचा असेल, तर कमी दाबाचा, तीन नळ्या असलेला नळ हवा. साधा नळ लावला तर गीझरवर पाण्याचा पूर्ण दाब येतो आणि टाकी फुटते. दुकानात दोन्ही नळ शेजारी ठेवलेले असतात, दिसायला सारखेच.

इथून काय न्यायचं ते शेगडीवर ठरतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा कुकर न्या, त्याबरोबर दोन जादा गास्केट आणि दोन सेफ्टी वॉल्व्ह. गोल बुडाची कढई काचेच्या कुठल्याच शेगडीवर कामाची नाही. घावन-आंबोळ्यांचा बिडाचा तवा मात्र इंडक्शनवर उत्तम चालतो, पण बूड सपाट हवं. तवा उलटा करून त्यावर पट्टी आडवी धरा. मधे उजेड दिसला तर घेऊ नका. बुडाची खरखर पॉलिश पेपरने घासून काढा आणि तवा काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा. बीड हळूहळू तापवायचं, एकदम मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकतं.

मिक्सर चालतो, तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग बसत नाही. अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या, विमानतळावरचा सगळ्या देशांसाठीचा स्वस्त अडॅप्टर मिक्सरला लावू नका, त्यात बहुधा अर्थिंग नसतं. नारळ खवायची विळी चेक-इन सामानात, पातं पुठ्ठ्यात गुंडाळून.

आता खायचं. युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची कुठलीही मिठाई नाही. मासळीला वेगळा नियम आहे, माणशी २० किलोपर्यंत चालते. सोडे, सुका जवळा, सुके बांगडे नेता येतात, पण दोन थरांत हवाबंद पॅक करा आणि वर इंग्रजीत नाव लिहा. ताजी फळं आणि पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यात हापूस आला आणि कढीपत्ताही आला. अपवाद पाचच: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. नारळ मिळतो तिथेही, वजन वाया घालवू नका. सुकं खोबरं मात्र इथल्याच विमानतळावर अडतं, २०२२पासून चेक-इन सामानात त्याला बंदी आहे, तेलामुळे ते पेट घेतं. आमसुलं, आगळ, तिरफळं, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, फणसपोळी खुशाल न्या. आगळाच्या बाटलीचं बूच चिकटपट्टीने बांधा, डाग कपड्यांवरून जात नाही.

आंबोळीचं पीठ नोव्हेंबरात बाहेर ठेवून आंबणार नाही. ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून, ओव्हन बंद ठेवून, आत ठेवलं की आतली ऊब पुरते. आठ-दहा तासांनी बघा. पाणी जड असेल तर कुळीथ, चवळी शिजायला वेळ घेतात. रात्रभर भिजवताना चिमूटभर सोडा टाकून सकाळी ते पाणी काढून टाका. किटलीत पांढरा थर धरला की सायट्रिक ॲसिड घालून थोडा वेळ ठेवायचं, निघून जातो.

मासे तळण्यावर बंदी नाही, पण ओट्यावरचा पंखा हवा बाहेर टाकतो की कोळशाच्या फिल्टरमधून परत आत सोडतो, ते बघून घ्या. दुसऱ्या प्रकारचा असेल तर आठवड्याला मासे करणाऱ्या घरात फिल्टर तीन-चार महिन्यांत संपतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, बाहेरच्या जिन्याकडचं दार घट्ट बंद. धूर ओळखणारा अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि जाण्यायेण्याच्या वाटेत कायद्याने असतो. लाल मिरचीच्या फोडणीने तो वाजला तर खिडकी उघडा आणि मधलं बटण दाबा. काढून ठेवू नका. तळणीचं तेल सिंकमध्ये न ओतता बाटलीत भरून टाका.

---

सड्यावरची

मनापासून आभार. कमी दाबाच्या नळाचं तर कुणी सांगितलंच नसतं. नळाची तोंडं पुन्हा बघितली, दोन आहेत. छताच्या तारांना दिवे आम्हीच लावायचे का? नवऱ्याला इथलं वायरिंग थोडंफार जमतं. आणि इमारतीत आवाज, कचरा यांचे काय नियम?

---

वेंगुर्ला_ते_वुर्टेम्बर्ग

दिवे भाडेकरूच लावतो. पण इथलं वायरिंग जमतं म्हणूनच सावध राहा, रंग वेगळे आहेत. आपल्याकडे काळी तार न्यूट्रल असते. जर्मनीत काळी किंवा तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. १९६५च्या आधीच्या वायरिंगमध्ये तांबडी तार अर्थिंगची आणि करडी न्यूट्रलची असते. तुमची इमारत नंतरची आहे, तरी रंगावर विश्वास न ठेवता, त्या खोलीचा फ्यूज खाली पाडून, दोन टोकांच्या टेस्टरने तपासूनच हात लावा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. अर्थिंगची तार धातूच्या दिव्याला जोडलीच पाहिजे. या तीन तारांपेक्षा वेगळं काही दिसलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या टाकणं नाही. दुकानंही बंद असतात, शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून घ्या. कचऱ्याच्या वारांचं पत्रक पालिकेच्या संकेतस्थळावर पत्त्यानुसार मिळतं. ओला, कागद, वेष्टणं आणि उरलेला असे चार भाग धरून चाला. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, चेपू नका, यंत्राला वरची खूण वाचता आली पाहिजे. तुमच्या भागात जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळीही असते, केअरवोखे. दाराला पाटी अडकवलेली दिसली की पाळी तुमची. ती चुकवू नका, शेजाऱ्यांशी ओळख व्हायची तीच पहिली जागा आहे.

---

माडाची_वाडी

भाट्येपलीकडच्या घराचं मी सांगतो. नोव्हेंबर ते मे घराला धोका कमी. खरी परीक्षा जूनपासून, आणि तेव्हा तुम्ही इथे नसणार. म्हणून एप्रिल-मेमध्ये शाकारणी कोण करणार, ते निघण्यापूर्वी ठरवून, माणसाला पैसे कसे पोचवायचे तेही ठरवा. कौलं उतरवून वासे-रिपा बघायच्या, कुजलेल्या बदलायच्या, कोने (आढ्यावरची कौलं) आणि भिंतीला टेकणाऱ्या कडा नीट बसवायच्या. पन्हळी साफ करायच्या. तुटलेल्यांच्या जागी लागतील म्हणून त्याच साच्याची शे-पन्नास जुनी कौलं पडवीत रचून ठेवा, जुन्या मापाची कौलं आता सहज मिळत नाहीत. घरावर वाकलेला माड किंवा आंब्याची फांदी असेल तर आत्ताच काढा. नारळ आणि सुक्या झावळ्या पावसाआधी उतरवल्या नाहीत तर त्याच कौलं फोडतात. नैर्ऋत्येच्या भिंतीला झाप बांधायचे, तिथे जांभा झडीने भिजला की आतून पोपडे सुटतात.

वाळवी दाराच्या चौकटीतून चढते, जिथे लाकूड जांभ्याला टेकतं तिथून. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, हे बघायला माणूस महिन्यातून एकदा तरी आत गेला पाहिजे. पावसात उघडीप पडली, ऊन आलं, की दारं-खिडक्या दोन-तीन तास उघडायच्या. पाऊस लागलेला असताना उघडून काही उपयोग नाही. गाद्या भिंतीला न टेकवता उभ्या, कपाटांची दारं किलकिली. चामड्याच्या चपला, पट्टे, लोकर पुण्याला पाठवा.

फ्रीज रिकामा, पुसून कोरडा, आणि दारात कापडाची गुंडाळी अडकवून अर्धवट उघडा. इन्व्हर्टरची बॅटरी तशीच सोडलीत तर काही महिन्यांत मरते, नातेवाइकाला वापरायला द्या. टीव्ही, राउटर यांच्या पिना काढूनच ठेवा, मे अखेरच्या विजा मेन स्विच बंद असला तरी केबलमधून येतात. पंपाचं सर्किट तेवढं वेगळं चालू ठेवून तो पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं चालवायला सांगा, नाहीतर आतला पंखा गंजून जाम होतो आणि फूट व्हॉल्व्ह चिकटतो. न्हाणीघराच्या जाळीतलं आणि संडासातलं पाणी आटलं की मैल्याच्या टाकीचा वास आणि झुरळं वर येतात. प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडा, आटायला वेळ लागतो. खारी हवा कुलपं खाते. पितळी कुलूप लावा, आत ग्रीसचं बोट फिरवा आणि भोकावर रबराची पट्टी लावा.

शून्य युनिट वापरलं तरी महावितरणचा स्थिर आकार लागतच राहतो. बिल ऑनलाइन भरायची सोय करा, थकलं तर जोडणी कायमची तुटू शकते. घरपट्टी आत्ताच भरून पावती सासऱ्यांकडे ठेवा. घर तुमच्या नवऱ्याच्याही नावावर असेल तर दिरांना मर्यादित कामांचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र इथेच करून द्या. तिकडून करायचं झालं तर म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जावं लागेल, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागेल. नवऱ्याचं इथलं बचत खातंही तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यायचं. मुदतठेवी त्याच खात्याला जोडलेल्या असतात, त्यांची यादी बँकेतून छापून घेऊन जा.

शाकारणीच्या माणसाला फेब्रुवारीतच सांगून ठेवा. एप्रिल लागला की आमच्याकडे एकही कारागीर मोकळा सापडत नाही.